अर्धा फेरा

आज डोळे मिटायचे नाहीत. ध्यान म्हटलं की मांडी घालायची, पाठ ताठ ठेवायची आणि श्वासाकडं लक्ष द्यायचं, अशी आपली समजूत. पाठीचं मी काही सांगत नाही, ती दुखणारच आहे. बसायचं मात्र जमिनीवर, आणि समोर ठेवायचं जुन्या सायकलचं पुढचं चाक.

सायकल घरात असेल तर फारच छान. जिन्याखाली, गच्चीवर, बोळाच्या टोकाला, भंगारात द्यायची द्यायची म्हणत राहून गेलेली. नसेल तर माझी घ्या. काळी, बावीस इंची फ्रेमची, सळईच्या ब्रेकची. वडिलांची. शनिवार पेठेतून मुकुंदनगरापर्यंत कामावर जायचं आणि यायचं, रोजचे साधारण आठ किलोमीटर, पंचवीस वर्षं. ते गेल्यावर ती आठ-नऊ वर्षं गोणपाटाखाली उभी होती. कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून आलो आणि त्याच संध्याकाळी गोणपाट काढलं. जुनं ते सोनं वगैरे म्हणायचा माझा बेत नाही. ही सायकल भलतीच जड आहे आणि पावसात तिचे ब्रेक लागत नाहीत, हे मी शाळेत असताना लक्ष्मी रोडवर एका भाजीच्या पाटीत शिरून सिद्ध केलं आहे.

जवळ एवढं घेऊन बसा: जुनं वर्तमानपत्र, नट सोडवायचे दोन पाने, कडा असलेली स्टीलची ताटली, एका वाटीत रॉकेल. रॉकेल हल्ली मिळत नाही, डिझेल चालतं. एक चिंधी, ग्रीसची डबी, आगकाड्या. आणि दुपार. दुपार मोकळी हवी, कारण हे काम अर्ध्यावर टाकून उठता येत नाही.

सायकल उलटी करा. सीट आणि हँडल खाली, चाकं वर. पुढच्या चाकाला हलका हात द्या आणि सोडून द्या.

आता ऐका. बरं चाललेलं चाक जवळजवळ काहीच बोलत नाही, आरे हवा कापतात तेवढाच एक सुस्कारा. माझं चाक बोलत होतं. खर्र, खर्र असा एकसारखा सूर, आणि मधूनच एक कट्. त्या कट्‌चं काही केल्या गणित बसेना. दर फेऱ्याला आला असता तर म्हटलं असतं, चाकातच काहीतरी अडकलंय. पण तो यायचा दीड-पावणेदोन फेऱ्यांनी. व्हॉल्व्हवर नजर ठेवून मी मोजत बसलो. व्हॉल्व्ह कधी वर असताना कट्, कधी खाली, कधी बाजूला.

हा हिशेब लगेच सोडवू नका. मनात राहू द्या.

चाक फिरत असताना फोर्कवर दोन बोटं टेकवा. कानाला जे ऐकू येत नाही ते इथं कळतं. लोखंडातून बारीक थरथर वर चढते, मांजर घुरघुरताना तिच्या पाठीवर हात ठेवावा तशी. मग चाक थांबवा आणि रिम धरून डावी-उजवीकडं हलवा. हलतंय? म्हणजे प्ले आहे. ढिलाई बोटभरही नसते, पण हाताला ती चटकन कळते.

आता एक साधा हिशेब करू. अठ्ठावीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सव्वादोन मीटरला थोडा कमी. किलोमीटरला साडेचारशे फेरे धरा. दिवसाला आठ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस: वर्षाला दहा लाखांच्या वर फेरे. पंचवीस वर्षांचे अडीच कोटी. या अडीच कोटी फेऱ्यांत माणूस कामावर गेला, पगार आणला, रेशनच्या रांगेत उभा राहिला, मला पुढच्या नळीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. यातल्या एकाही फेऱ्याकडं त्यानं लक्ष दिलं नसणार. चाक नीट फिरत होतं म्हणून लक्ष द्यावं लागलं नाही.

आता पाना लावा. बाहेरचे नट सोडवा, चाक काढून मांडीवर घ्या. सायकलवाले या सगळ्या उघडझापीला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग हे मला कॉलेजात कळलं, आणि मी वडिलांना ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तेल जास्त सोडतात ना? मग बरोबर आहे.’’ मला आजही त्यांचाच शब्द जास्त पटतो.

चाकाच्या मधोमध जो एक्सल असतो त्याला भूगोलाच्या पुस्तकात आस म्हणतात. पृथ्वीचा आस. मराठीत आस लागते तीही हीच अक्षरं घेऊन, पण ती वाट वेगळी, तिकडं आज जायचं नाही. आसाच्या दोन्ही टोकांना आट्यांवर बसवलेला एकेक कोन असतो, आणि त्याच्यासमोर हबमध्ये एक वाटी. कोन आणि वाटी यांच्यामधे छर्रे. झालं, एवढीच ती रचना. आस फोर्कला आवळलेला असतो, कोन आसाला. ते दोघे फिरत नाहीत. वाटी हबबरोबर फिरते. हे एक वाक्य विसरू नका, पुढं लागणार आहे.

कोन सावकाश सोडवा. चाक ताटलीवर धरून, कारण छर्रे सांगून पडत नाहीत. ग्रीस कधीकाळी पिवळं असेल. आता त्याची काकवी झाली आहे, काळी, चिवट, तीत गंजाचा लालसर गाळ. आगकाडीनं एकेक छर्रा सोडवा आणि ताटलीत टाका. टण्. टण्. मोजा. पुढच्या हबमध्ये एका बाजूला दहा असतात. माझ्या उजव्या बाजूला दहा निघाले. डाव्या बाजूला नऊ, आणि एक अर्धा.

अर्धा छर्रा. हरभऱ्याची डाळ निघावी तसा मधोमध चिरलेला. दुसरा अर्धा कुठं गेला? चूर होऊन त्या लाल गाळात मिसळला.

आता मघाचा हिशेब. चाक फिरतं तेव्हा छर्ऱ्यांची माळही वाटीत गोल फिरते, पण चाकाच्या वेगानं नाही. तिची एक बाजू फिरत्या वाटीला टेकलेली, दुसरी स्थिर कोनाला. म्हणून माळ मधल्याच गतीनं चालते. या हबमध्ये चाकाचे पाच फेरे होईतो माळेचे साधारण तीन. तो अर्धा छर्रा माळेबरोबर फिरत होता आणि भाराच्या जागेवर आला की कट् म्हणत होता. मी चाकाच्या घड्याळात त्याची वेळ शोधत होतो. त्याचं घड्याळ निराळं होतं.

इथं जरा थांबा. चहा घ्यायचा असेल तर हात धुऊन घ्या, डिझेलचा वास चहाला फार पटकन लागतो.

वाटीतल्या रॉकेलमध्ये छर्रे खळाळून धुवा. एक चिमटीत धरून उजेडाकडं करा. व्यास तीन-सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. नव्या छर्ऱ्यात अख्खी खिडकी दिसते, गजांसकट. जुन्यात नुसताच उजेड दिसतो, खिडकी दिसत नाही.

एवढी गोल वस्तू माणसाला सहज जमलेली नाही. १८६९ साली पॅरिसमधल्या झ्यूल सुरिरे या सायकल कारागिरानं सायकलच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआँ अशी शर्यत झाली. ती जेम्स मूर यानं जिंकली, आणि त्याच्या सायकलच्या चाकांत असे छर्रे होते असं सांगतात. पण हातानं घासलेले छर्रे सगळे सारखे कुठून येणार? एक केसभर मोठा असला की सगळा भार त्या एकट्यावर. १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशर यानं पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र केलं, आणि तिथून पुढं छर्रा ही पुडीतून मोजून द्यायची वस्तू झाली. म्हणूनच जाणता दुकानदार दोन-चार छर्रे बदलून देत नाही. बदलायचे तर सगळे. झिजलेल्या नऊ जणांत एक नवा घातला तर तो बिचारा मोठा ठरतो, आणि मोठा ठरला की त्याच्याच डोक्यावर सगळं येतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

छर्ऱ्यांच्या आधी काय होतं? भोक होतं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, त्यातलं भोक, त्यातून जाणारा आस आणि मधे वंगण. गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं ज्यांनी पाहिलंय त्यांना तो वासही आठवेल. भोक नीट पडलं असेल तर गाडी आवाज न करता जाते. नसेल तर बैलांच्या आधी गाडीवान थकतो.

आता एक शब्द हातात घ्या, छर्ऱ्यासारखा. सुख. ऋग्वेदात हा शब्द रथाचं विशेषण म्हणून येतो, सुखानं चालणारा रथ अशा अर्थी. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशात त्याची फोड दिली आहे: सु म्हणजे चांगलं, ख म्हणजे भोक, पोकळी. खग आणि खगोल यांतला ख तोच. तिथं तो आकाश होतो. रथाच्या बाबतीत मात्र ख म्हणजे तुंब्यातलं, आस जातो ते भोक. कोशकारानंही ‘असं म्हणतात’ म्हणूनच ही फोड नोंदवली आहे, तेव्हा आपण फार छाती फुगवायला नको. दुःखाची फोडही याच धर्तीवर करतात, आणि तिच्याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. ते त्यांच्याकडं ठेवू. मला एवढंच मोहवतं की तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रथातून उतरलं, त्याची कंबर शाबूत होती, आणि त्या शाबूत कंबरेला त्यानं जो शब्द वापरला तोच आपण लग्नपत्रिकेत छापतो.

आपल्या मांडीवर आहे तो हबही एक ख आहे. बोट आत घाला. थंड लागतं. चिंधीनं वाटी पुसून घ्या आणि बोटाची नखाकडची कड तिच्यातून गोल फिरवा. माझ्या दोन्ही वाट्या गुळगुळीत निघाल्या. झिजल्या होत्या, पण सगळीकडून सारख्या. एक चकचकीत रेघ, तीही अखंड. अडीच कोटी फेरे, आणि कुठं खड्डा नाही.

मग कोन घ्या. पुसा. गोल फिरवत बघा, घाई नको. अर्ध्या घेरापर्यंत सगळं ठीक. नंतर एकदम देवीचे व्रण. बॉलपेनचं टोक त्या रेघेवरून ओढलं तर ठक ठक अडखळतं. (बॉलपेनच्या टोकाशीही एक छर्राच असतो, इथं एक छर्रा दुसऱ्या छर्ऱ्यांच्या खाणाखुणा वाचतो.) पुन्हा पुढं सरकलं की कोन कोराच.

हे असं का, ते मला दुकानात कळलं. आमच्या भागात एक जुना मिस्त्री आहे, वय सत्तरीच्या पुढं. दुकान म्हणजे दोन फळ्या आणि एक पत्रा. मी छर्रे मागितले.

‘‘कोन दाखवा आधी.’’

दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं तो चष्म्याशिवायच बघतो.

‘‘खाल्लाय की हो.’’

‘‘पण अर्धाच खाल्लाय. उरलेला चांगला आहे.’’

‘‘खालचं अंग आहे ते. आस कुठं फिरतो? तो जिथल्या तिथं. माणसाचं वजन येणार ते त्याच अंगावर, रोजच्या रोज. वाटी फिरती असते, तिला वाटून जातं.’’ त्यानं कोन माझ्या हातावर ठेवला. ‘‘फिरतं त्याला काही होत नाही, साहेब. न फिरणाऱ्याला खातं.’’

इथं थोडा वेळ राहू. वाचायचं थांबवून राहिलात तरी चालेल.

आपण झीज नेहमी धावपळीच्या खात्यावर मांडतो. फिरफिर फिरला आणि झिजला, असंच म्हणतो. हबमध्ये मात्र उलटं दिसतं. हँडलखालच्या वाट्यांत तर ते आणखी स्पष्ट दिसतं. सायकल जवळजवळ सगळा वेळ सरळ चालते, हँडल फारसं वळतच नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा फोर्कमधून वर येतो आणि छर्रे त्याच जागी ठोकले जातात. वर्षानुवर्षं. मग वाटीत छर्ऱ्यांच्या जागा पडतात, आणि हँडल सरळ आलं की हलकेच अडकतं, जणू सरळ जाण्याचीच त्याला सवय लागली आहे.

आता आपापल्या घरात जा. तुमच्या घरात न फिरणारं कोण होतं? ज्याच्याभोवती बाकीचे फिरले, असं माणूस. नाव घेऊ नका, कौतुकही करू नका. नुसतं ते कुठं उभं असायचं तेवढं बघा. भार कुठल्या अंगावर होता तेही बघा.

मला आई दिसते. वडिलांची सायकल शहरभर जायची आणि आई ओट्यापाशी. पोळ्या लाटताना ती सगळा भार डाव्या पायावर द्यायची, उजवं पाऊल नुसतं टेकलेलं, टाच उचललेली. ओट्याखालची फरशी तिथं बशीएवढी गुळगुळीत झाली होती. तिचा डावा गुडघा आधी गेला. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘डावाच कसा?’’ आणि आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. उत्तर त्या फरशीला ठाऊक होतं.

हे दृश्य आलं तसं जाऊ द्या. हाताला ग्रीस आहे, आठवण फार वेळ धरून ठेवली तर डाग पडतात.

मिस्त्रीनं मला डाव्या बाजूचा कोन नवा दिला. उजवा कमी खाल्लेला होता. तो परत देत म्हणाला, ‘‘हा राहू द्या. बसवताना आस अर्धा फेरा फिरवून बसवा. वरचं अंग खाली आणा. ते अजून कोरं आहे.’’

हल्लीच्या सायकलींत बंद बेअरिंग येतात; खराब झालं की ठोकून काढायचं, नवं ठोकून बसवायचं. ती उत्तम असतात, धूळ-पाण्याला जास्त दाद देत नाहीत, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त त्यांच्यात असा अर्धा फेरा द्यायला जागा नसते.

आता जोडायला घ्या. वाटीत ग्रीसचा जाडसर थर द्या. आगकाडीच्या टोकाला किंचित ग्रीस लावून नवा छर्रा उचला आणि वाटीत टेकवा. तो चिकटून राहतो. दुसरा. तिसरा. दहा झाले की बघा, थोडी फट उरलेली दिसेल. तिथं अकरावा घुसवायचा मोह होतो. घुसवू नका. शेजारचे दोन छर्रे एकाच दिशेनं फिरत असतात, म्हणून जिथं ते एकमेकांना लागतात तिथं एकाची पाठ खाली जात असते आणि दुसऱ्याची वर. घासतात. ती फट आहे म्हणून त्यांना बाजूला सरकता येतं. मुंबईच्या लोकलमध्येही हे तत्त्व लागू आहे, पण तिथं अकरावा चढतोच.

आस आत सरकवा. कोन बोटांनी फिरवत आणा, छर्ऱ्यांना टेकेपर्यंत. आता सगळ्यात हळू जायचं. कोन आवळला आणि बोटांनी आस फिरवला तर कचकच लागतं, भातात खडा लागावा तसं: हे फार घट्ट. थोडा उलटा फिरवा. कचकच गेली, पण आस टोकाशी धरून हलवला तर टकटक हलतो: हे फार सैल. या दोन्हींच्या मधली जागा पाव फेऱ्याहूनही लहान आहे. ती डोळ्यांना दिसत नाही आणि मोजून सांगता येत नाही. वर आणखी एक गंमत: बाहेरचा नट आवळला की कोनही जरासा आत दाबला जातो, त्यामुळं नट आवळण्याआधी किंचित सैलच ठेवावं लागतं. पुढं काय होणार ते धरून आत्ता कमी आवळायचं. मला हे सहाव्या खेपेला जमलं. तुम्हाला आठव्या खेपेला जमलं तर आठ खेपा करा. प्रत्येक वेळी आवळा, फिरवा, हलवा, सोडवा. बोटांच्या टोकांनी. मनगटाला यात काम नाही.

(मागच्या चाकातही हेच, तिथं पाव इंची छर्रे, बाजूला नऊ. पायडलच्या खालच्या मोठ्या आसाला बाजूला अकरा. फ्रीव्हील मात्र उघडू नका. त्यात मोहरीहून जरा मोठे इतके छर्रे असतात की ते घरातल्या घरात पुढल्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत सापडत राहतात.)

चाक फोर्कमध्ये बसवा. नट आवळा. आसाच्या उजव्या टोकावर मी खडूनं खूण केली होती. ती आता उलट दिशेला आली, एवढी एकदा खात्री करून घेतली.

आणि आता चाकाला हात लावायचा नाही. म्हणजे गती द्यायची नाही. व्हॉल्व्ह जरा बाजूला येईल असं चाक हलकेच धरा आणि बोट काढून घ्या. रिमची जी बाजू गुंजभर जड असते ती खाली जाते. माझ्या चाकाची व्हॉल्व्हकडची बाजू जड आहे. बेअरिंग घट्ट असेल तर चाक आहे तिथंच बसून राहतं, तेवढ्याशा वजनाला जुमानत नाही. ठीक असेल तर व्हॉल्व्ह आपोआप खाली निघतो.

निघाला. आधी वाटलं हलतच नाही, मग वाटलं हलतोय, मग खरोखरच हलला. तळाशी आला, थांबला नाही, दुसऱ्या बाजूला वर चढला, तिथं क्षणभर विचार केल्यासारखा राहिला आणि मागं फिरला. आवाज नाही. फोर्कवर बोट ठेवलं. तिथंही काही नाही.

आई मघाशीच दारात येऊन बसली होती, खुर्चीवर, डावा पाय सरळ पुढं सोडून. तिला मी बघितलं नव्हतं.

‘‘ह्यांच्या वेळी असाच झुलायचा तो,’’ ती म्हणाली. ‘‘दिवाळीच्या आधी इथंच उघडून बसायचे. मग मला हाक मारायचे, बघ म्हणून.’’

‘‘मग बघायचीस?’’

‘‘पोळ्या असायच्या रे.’’

व्हॉल्व्ह पुन्हा तळाशी आला आणि पुन्हा पुढं गेला, आधीपेक्षा थोडा कमी. तिनं खुर्ची ओढून जरा पुढं घेतली.